धृपद धरणारा

डॉक्टर हेमलता मनोरुग्णाला तपासायची ती अजिबात घाई न करता. आधी पाणी, मग ख्यालीखुशाली, मग प्रश्न. त्या सकाळी धुळ्याच्या दवाखान्यात तिच्यासमोर साक्रीकडचे धनसिंग आबा बसले होते. शेजारी सून, कामिनी. बाहेर बाकावर हेमलताचे वडील, नाना, चहा फुंकत होते. संध्याकाळचं कीर्तन करायला ते मेहरूणहून आले होते.

"आबा, आज वार कोणता?"

"बुधवार. मी येडा नही, बाई."

हेमलता हसली. तिने तीन शब्द दिले: आंबा, कुलूप, घागर. "थोड्या वेळाने परत विचारीन हं."

कपडे नीटनेटके, नजर स्थिर, बोलणं सुसंगत. फक्त बोटं मांडीवर ठेका धरून होती.

"कुणी नसताना आवाज ऐकू येतात?"

"आवाज नही. लोकेस्ना दम ऐकू येस. सराले लागना का माले समजस."

कामिनी कुजबुजली, "आबा ज्याना मांगे उभा ऱ्हाइसन गुनगुनतस, तो मानूस मरी जास, मॅडम. बठ्ठा गाव घाबरस."

"मी उभा ऱ्हास म्हनीसन नही!" म्हातारा स्वतःचीच बाही ओढत कळवळला. "तुम्ही माले वढी लयी जातस, म्हनीसन मानूस मरस!"

आबा जन्मभराचे टाळकरी. बुवा थकले की हात मागे करतात, टाळकरी अभंगाचं धृपद धरतात, तेवढ्यात बुवा दम घेतात. बुवांनी पुढचं चरण उचलेपर्यंत धृपद सोडायचं नाही. हे हेमलताला कुणी सांगायला नको होतं. नानांच्या कीर्तनातच ती वाढली होती.

बोलता बोलता आबांनी कान टवकारला. उठले, बाहेर गेले आणि नानांच्या बाकामागे उभे राहून गुणगुणू लागले.

हेमलता आणि कामिनी मागोमाग दारात आल्या. नाना खूश. "सूर काय गोड आहे गं याचा! राहू दे."

कामिनीने तोंडात पदर कोंबला.

श्रद्धा कुठे संपते, भास कुठे सुरू होतो, ती रेघ हेमलता रोज आखायची. त्या क्षणी तिला फक्त बाप दिसला. तिने कंपाउंडरला हाक मारली. दोघांनी आबांना ओढत आत नेलं, झोपेचं इंजेक्शन दिलं.

"अगं, धृपद मध्येच तोडलंस?" नाना हळहळले.

संध्याकाळी कीर्तन ऐन रंगात असताना नानांनी हात मागे केला. टाळकऱ्यांनी धृपद धरलं, बराच वेळ धरलं. नानांनी पुढचं चरण उचललंच नाही.

नानांचं हृदय कमजोर होतं, असं हेमलता सगळ्यांना सांगत राहिली. स्वतःलाही. पण रात्र पडली की कानात नानांचं ते हळहळणं यायचं.

दिवसकार्य उरकून तिने दवाखाना उघडला. आबा पुन्हा तपासणीला आले. कामिनी गाडी बघायला गेली होती.

"आबा, ते तीन शब्द विचारायचे राहूनच गेले."

"आंबा, कुलूप, घागर."

"माझं चुकलं, आबा."

आबांनी कान टवकारला. मान कलती करून ऐकत राहिले.

मग उठले. टेबलाला वळसा घातला.

तिच्या खुर्चीमागे गुणगुणणं सुरू झालं. नानांसाठी धरलेलं तेच धृपद.

तिने वळून पाहिलं नाही.

"सोडू नका, आबा."

दार उघडलं. "चाला आबा, साक्रीनी गाडी लागनी," म्हणत कामिनीने त्यांचा हात धरला.

गुणगुणणं थांबलं.

हेमलता हात मागे करून तशीच बसली होती.