तायडे मॅडमचं आभाळ

प्रशिक्षण म्हटलं की रूपाली तायडे मॅडम विणकामाची पिशवी सोबत घेत. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत शासनाने त्यांना इतक्या वेळा प्रशिक्षित केलं होतं की घरातले चार स्वेटर नुसते त्यातच विणून झाले होते. या वेळी मात्र सुया पिशवीबाहेर निघाल्या नाहीत. तालुक्याच्या सभागृहात ‘बोलघुमट’ उभा होता, आणि एकेकाला त्याच्या मधोमध उभं राहून बोलायचं होतं.

बोलघुमट म्हणजे एक मोठा काळा तंबूच. पृथ्वी, चंद्र, सूर्य यांच्याबद्दल तुम्ही जे सांगाल, ते तो ऐके आणि अगदी तसंच आभाळ डोक्यावर मांडी. चूक की बरोबर, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. पण ज्याचं आभाळ खऱ्यासारखं उभं राहणार नाही, त्याच्या वर्गाला पुढच्या वर्षीपासून हा विषय भिंतीवरचं पाठयंत्र शिकवणार होतं. मग मॅडमनी काय करायचं? हजेरी घ्यायची नि खिचडी वाढायची. चौथीचा चंद्राच्या कलांचा धडा म्हणजे त्यांचा जीव की प्राण. तोच आता हातचा जायची वेळ आली होती.

त्यात प्रशिक्षक म्हणून समोर कोण, तर ओवी सरकटे. त्यांच्याच हाताखाली चौथी शिकलेली.

मॅडम मधोमध उभ्या राहिल्या आणि वर्षानुवर्षं सांगत आल्या तेच त्यांनी सांगितलं. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते, म्हणून तो रोज कमी-जास्त दिसतो. घुमटात झकास अर्धा चंद्र उगवला. कडेला बसलेल्या गुरुजींनी माना डोलावल्या. मग ओवीने घुमटाला तिथी आणि वेळ सांगितली: शुद्ध अष्टमी, दुपारचे चार.

सूर्य घरंगळत क्षितिजाखाली उतरला आणि थेट मॅडमच्या पायांखाली जाऊन बसला. चंद्रावर सावली पाडायची तर पृथ्वी मधे यायलाच हवी होती. दुपारी चार वाजता मिट्ट काळोख झाला. दिवसा तारे दिसणं म्हणजे काय, ते मॅडमना चोपन्नाव्या वर्षी कळलं. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

मॅडमना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती सावली ग्रहणाची, रोजची नव्हे, हे त्यांना त्या क्षणी उमगलं. पण अठ्ठावीस वर्षं! किती पोरांच्या डोक्यात आपण हे आभाळ भरलं?

“ओवी, तुलाही मी हेच शिकवलं,” त्या खाली मान घालून म्हणाल्या.

“हो मॅडम. पण ते चुकलंय हे मला तुमच्यामुळेच कळलं.”

ओवीने आपली चौथीतली चंद्राची वही काढली. मॅडमची ती ठरलेली सक्ती होती. प्रत्येक मुलाने महिनाभर रोज चंद्र बघायचा, दिसेल तसाच काढायचा आणि शेजारी वेळ लिहायची. मनाने काढलेला चंद्र त्या लाल शाईने खोडत. ओवीने अष्टमीचं पान उघडलं. शाळा सुटतानाची वेळ, झेंड्याच्या खांबावर अर्धा चंद्र, आणि त्याच पानावर पश्चिमेला पिवळाधमक सूर्य. खाली मॅडमचा शेरा होता, ‘छान’.

ओवीने सांगितलं, अकरावीत ही वही चाळताना तिला प्रश्न पडला होता. सूर्य इकडे, चंद्र तिकडे, दोघंही डोक्यावर. मग पृथ्वी मधे आली कुठून? त्या एका प्रश्नामागे लागून ती इथवर पोचली होती.

मॅडमनी पदराने डोळे पुसले आणि पुन्हा बोलायला सुरुवात केली. चंद्राचा सूर्याकडचा भाग कायम उजळलेला असतो. अष्टमीला आपण तो कडेने बघतो, म्हणून अर्धाच दिसतो. सूर्य पायांखालून निघून वर आला, दुपार परतली, आणि अर्धा चंद्र फिकट होऊन तिथेच राहिला, अगदी ओवीच्या पानावरच्यासारखा. आभाळ उभं राहिलं होतं. मॅडमनी मोठ्याने ‘हुश्श’ केलं. त्याचं काय करावं ते न कळून घुमटाने एक ढग आणला, तेव्हा सगळ्यांबरोबर त्याही पोटभर हसल्या.

सोमवारी वर्गात त्यांनी फळ्यावर आधी लिहिलं, ‘मी चुकीचं शिकवलं होतं.’ मुलं चाट पडली. मग त्यांनी चंद्राच्या वह्या मागवल्या. छत्तीस वह्यांचा ढीग टेबलावर आला आणि लाल पेन हातात घेऊन त्या थबकल्या. आजवर या वह्या त्यांनी मुलांच्या चुका शोधायला तपासल्या होत्या. पण आपण आजही ठासून सांगतोय त्यातलं आणखी काय, या ढिगातल्या कुणा नऊ वर्षांच्या पोरीने आधीच खोटं पाडून ठेवलं असेल?