उलटं फिरलेलं हँडल

भिलाईच्या सेक्टर सातमधल्या हेमण्यांच्या क्वार्टरसमोर जुनी जीप अजून तशीच उभी होती. समोरच्या बंपरमध्ये गाडी सुरू करायचं हँडल अडकलेलं. आठ दिवसांपूर्वी, जानेवारीच्या धुक्यात, मारोतराव हेमणे तेच हँडल मारत होते. हँडल उलटं फिरलं, म्हातारा फेकला गेला, डोकं फरशीवर आपटलं. सारं तिथंच संपलं.

सुखराम बिसेनला जीपकडे बघवेना. तीस वर्षं बस चालवलेला माणूस, पण शेजाऱ्यांचं बोलणं त्याच्या डोक्यातून जात नव्हतं. मारोतरावांचा मुलगा नरहरी दोन वर्षांपूर्वी कावीळ होऊन गेला. त्याआधी त्यानं या जीपला स्वतः बनवलेली इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवली होती. ‘फेकून दे तो डबा,’ म्हातारा रोज म्हणायचा. त्यावरून बापलेकांत अबोला झाला आणि तो सुटायच्या आधीच पोरगा गेला. आता सेक्टरभर एकच कुजबुज होती : पोरानं बापाला नेलं.

“पोलिसांनी अपघात लिहिला,” सासऱ्यांना मामाजी म्हणणारी नरहरीची बायको तारा म्हणाली. “सिंधुताई, मले एवढंच सांगा. ह्यांच्या डब्यानं मामाजींचा जीव घेतला काय?”

सिंधुताई ही सुखरामची वहिनी. कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा सांभाळून निवृत्त झालेली. आता लोकांच्या खाजगी चौकशा करायची आणि सुखराम तिची गाडी चालवायला सोबत असायचा.

“आदल्या दिवशी जीप चालू झाली होती?”

“सोमवारी सकाळी मामाजी कुरुद गावाले जाऊन आले. हँडल मारूनच. सेल्फच्या बटनाले ते हातच लावत नव्हते, साऱ्या ओळखीच्यांना माहीत आहे.”

“आणि मंगळवारी?”

“स्टील प्लांटच्या प्रदर्शनात जीप नेणार होते. ‘माह्या पोराचं काम साहेबांना दाखवतो,’ म्हणून हप्ताभर सांगत सुटले होते. इतक्या वर्षांनी त्या डब्याबद्दल चांगलं बोलले, ताई.” तारा आत जाऊन नरहरीची वही घेऊन आली.

वहीत आकडेच आकडे होते. इंजिनाच्या प्रत्येक वेगाला ठिणगी किती अंश आधी पडावी, त्याचा तक्ता. हेच आकडे त्यानं डब्यातल्या चिपमध्ये भरले होते. सगळ्यात वर एक ओळ होती : ‘बाबा हँडल मारतात. सुरू करताना शून्य.’

सिंधुताईनं सुखरामला जीप सेल्फनं सुरू करायला सांगितली. एका झटक्यात सुरू झाली.

“वहिनी, मले तर वाटते, हिले मारोतरावच नको होते.” त्यानं जीप बंद केली आणि खाली उतरून हँडलकडे हात नेला.

“भाऊजी, हात नका लावू!”

तिनं ड्रायव्हरच्या सीटखालचा डबा उघडला. धुळीनं माखलेल्या डब्याचे चारही स्क्रू मात्र चकचकत होते. तिनं चिप काढून रुमालात गुंडाळली.

जीपचं काम बघणारा मेकॅनिक फकिरा कुम्हारीच्या रस्त्यावर गॅरेज चालवायचा. त्यानं आधीच हात जोडले.

“सोमवारी दुपारी गेलो होतो, खरं आहे. कार्ब्युरेटर साफ करून आलो. डब्याले मी हात नाही लावला.”

“कधीच नाही?”

“एकदाच. डबा बोनेटखाली होता, पाणी लागत होतं. मागच्या पावसाळ्यात मीच काढून सीटखाली बसवला. खोलला नाही, ताई. मले तर त्यातलं काही समजतच नाही.”

अरुणकुमार देवतळे नरहरीसोबत प्लांटच्या इन्स्ट्रुमेंट विभागात होता. त्याच्या अंगणात फियाट उभी होती. बोलताना तो सारखा हात पुसत होता.

“फार वाईट झालं. नरहरी गेल्यापासून मी त्या घरी पाय ठेवला नाही. पुन्हा ती जीप बघवली नसती.”

“प्रदर्शनात तुमचंही काही होतं म्हणे?”

“हो, माझी इग्निशन. ह्या फियाटवर तयार केली.” तो घाईनं पुढं म्हणाला, “जुनी गाडी, म्हातारा माणूस. सीटखाली डबा ठेवला की वायर दबते, काहीही होऊ शकतं.”

परतताना सुखराम म्हणाला, “भला माणूस वाटला.” वाटेत सिंधुताईनं त्याला कॉलेजपाशी थांबवलं आणि रुमालातली चिप घेऊन प्रयोगशाळेत गेली.

रविवारी दुपारी तिनं फकिरा आणि अरुणकुमारला ताराच्या बैठकीच्या खोलीत बोलावलं; सुखराम होताच.

“इंजिन हळू फिरत असताना ठिणगी फार आधी पडली, तर पिस्टन वर पोचण्याआधीच मागे ढकलला जातो,” ती म्हणाली. “हँडल उलटं फिरतं. सेल्फ जोरात ओढून नेतो, म्हणून कळत नाही. वहीत सुरुवातीला शून्य आहे. मी चिप वाचली, तिच्यात पंचवीस अंश आहेत. सोमवारी सकाळी हँडल सरळ फिरलं, मंगळवारी उलटं. मधे कोणीतरी चिप बदलली.”

फकिराचा चेहरा उतरला.

“फकिराकडे आकडे भरायचं यंत्र नाही, ज्ञानही नाही. ही चिप फियाटसारख्या, सेल्फनंच सुरू होणाऱ्या गाडीची आहे. देवतळे, दोन वर्षांत तुम्ही जीप पाहिली नाही म्हणता. मग डबा सीटखाली आहे, हे तुम्हाला कसं कळलं? तो तर मागच्या पावसाळ्यात तिथं गेला.”

अरुणकुमारनं खिशातून एक चिप काढून टेबलावर ठेवली.

“ही नरहरीची. आत त्यानं स्वतःचं नाव भरलंय. साहेबांनी वाचली असती, तर माझं प्रदर्शनातलं काम त्याचं आहे हे उघड झालं असतं. सोमवारी रात्री काका झोपले होते, तेव्हा ही काढून माझी बसवली. मारायचं नव्हतं, तारावहिनी. पहाटे घरी ही वाचली, तेव्हा ते शून्य दिसलं. मग आठवलं, काका हँडल मारतात. तसाच धावत आलो.”

“कधी पोचले?” तारानं विचारलं.

“फाटकाशी होतो, तेव्हा ते पडले.”

“जिवंत होते?”

“पाणी मागत होते.”

“मग?”

“मी पळालो.”

सुखरामला वाटलं, तारा आता किंचाळेल. पण टेबलावरची चिप उचलून तिनं पदरात बांधली, तिची गाठ दोनदा घट्ट केली.

“भाऊजी,” ती सुखरामला म्हणाली, “यांना ठाण्यात घेऊन चला. मी सोबत येते. मामाजी काय मागत होते, ते मले तिथं लिहून पाहिजे.”