आतल्या खोलीतलं काम

जिन्याच्या वळणावर शिडी अडकली होती आणि शिडीच्या मागे रंगारी अडकला होता.

वरच्या मजल्यावरचं काम संपवून तो खाली उतरत होता. शिडीचा एक पाय कठड्यात गेला, दुसरा धाकटीच्या दारावर आपटला. कुणी दार वाजवलं असं समजून तिनं उघडलं. समोर शिडी, आणि शिडीच्या पायऱ्यांमधून दिसणारा एक चेहरा. भुवयांवर पांढरा रंग.

"माफ करा," तो म्हणाला. "मी नाही वाजवलं. हिनं वाजवलं."

धाकटीच्या हातात ओलं फडकं होतं, केसांना रुमाल बांधलेला होता. टेबलावर स्टूल ठेवून ती सकाळपासून छताच्या पंख्याशी झटापट करत होती. पंखा काही हाताला येत नव्हता.

"आलीच आहे दारात, तर थोडा वेळ देता का ही शिडी?"

"ही एकटी कुठं जात नाही," रंगारी म्हणाला. "बरोबर मला यावं लागतं."

"मग या."

ती शिडीवर चढली, त्यानं शिडी धरली. पंख्याच्या पात्यावरची धूळ सरळ त्याच्या डोक्यावर पडली. तो हलला नाही.

"अहो, बाजूला तरी व्हा."

"बाजूला झालो तर तुम्ही खाली याल. रोज रंग पडतो, आज धूळ. तेवढाच बदल."

किती दिवसांनी ती हसली होती, आणि हसताना शिडी हलली, म्हणून त्यानं ती आणखी घट्ट धरली.

तिला सगळे धाकटीच म्हणत. आई म्हणायची, दादा म्हणायचा, शेजारपाजारचेही म्हणायचे. तिशी उलटून गेली तरी नाव तेच राहिलं. औषधाच्या दुकानात ती कामाला होती. आई अंथरुणाला खिळली आणि तिनं दुकान सोडलं. दादा लग्नानंतर दुसऱ्या शहरात राहायला गेला होता. आईचं जेवणखाण, अंघोळ, पथ्यपाणी, रात्रीचं जागणं, सगळं धाकटीनं केलं. मग आई गेली. घर दोघा भावंडांच्या नावावर होतं. एकटीला तीन खोल्या कशाला, असं दादा म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं.

दलाल येऊन घर बघून गेला होता. "घर विकायचं असेल तर इथं कुणी राहिलं होतं असं वाटता कामा नये," तो म्हणाला होता. "घेणाऱ्याला त्यात स्वतःचा संसार दिसला पाहिजे." तेव्हापासून धाकटी ते राहिलेपण पुसत होती. भिंतीवरचे खिळे काढले. फोटो बांधून ठेवले. माळ्यावरून बिनझाकणाचे डबे निघाले आणि त्यांच्या शेजारीच बिनडब्यांची झाकणं निघाली. आईनं एकही टाकलं नव्हतं, आणि एकही एकमेकांना बसत नव्हतं.

"पंखा उजळला," खाली उभा राहून रंगारी म्हणाला. "आता भिंतींना लाज वाटायला लागेल."

"त्यांचंही करायचंय. माणूस शोधतेय."

"सापडला?"

तिनं शिडीवरून खाली पाहिलं. "शिडी तरी सापडलीय."

फोनवर दादानं होकार दिला आणि दुसऱ्या दिवसापासून रंगारी कामावर यायला लागला.

घरात तेव्हा कामाच्या माणसांची ये-जा असायची. नळवाला यायचा, वीजवाला यायचा, भंगारवाला यायचा. सगळे तिला ताई म्हणत. 'ताई, इथली तोटी बदलावी लागेल.' 'ताई, हे बटण जळलंय.' रंगारी मात्र ताई म्हणत नसे. 'ऐकलंत का' म्हणे, 'हे बघा' म्हणे, 'जरा इकडे येता?' म्हणे. कधी तर बोलावायचं असलं की नुसता खाकरे. धाकटीच्या हे लक्षात आलं. लक्षात आलंय, हे तिनं त्याला कळू दिलं नाही.

स्वयंपाकघरातली भांडी बांधून झाली होती. बाहेर एक पातेलं, एक कप आणि एक पेला एवढंच उरलं होतं. चहा झाला की ती कप त्याच्यापुढे ठेवायची. तो कप तिच्याकडे सरकवायचा आणि पेला उचलायचा.

"पेला भाजतो हो," ती म्हणाली.

"म्हणून तर. भाजला की हळूहळू प्यावा लागतो."

ती खिडकीबाहेर बघायला लागली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

"घर विकल्यावर कुठं जाणार?" त्यानं विचारलं.

"दादाकडे. त्यांनी गॅलरीला काचा लावून घेतल्यात. तिथं माझी कॉट मावते. कपडे धुण्याचं मशीनही तिथंच आहे. वहिनी म्हणाली, हवा छान येते." तिनं कप खाली ठेवला. "मुलं शाळेतून येतात तेव्हा घरात कुणी नसतं. मी असले की त्यांनाही बरं."

"म्हणजे राहायला चाललात, की कामाला?"

धाकटीचा चेहरा उतरला. "तुम्ही भिंती घासा."

"चुकलो," तो म्हणाला, आणि उरलेला चहा तसाच भाजत पिऊन उठला. पण प्रश्न काही उठून गेला नाही. तो तिथंच बसून राहिला. वहिनी वाईट नव्हती, दादा वाईट नव्हता. कुणी वाईट असतं तर नाही म्हणणं सोपं गेलं असतं. चांगल्या माणसांना नाही म्हणायला जास्त बळ लागतं, आणि धाकटीचं सगळं बळ आईला उचलून बसवण्यात खर्च झालं होतं.

बाहेरच्या खोल्या झाल्या. आतली राहिली. ती आईची.

पलंग गेला होता. पलंगाच्या डोक्याशी, भिंतीवर, एक काळपट गोल डाग होता. आई उशीला टेकून बसायची आणि डोकं भिंतीला लावायची. धाकटी रोज तिच्या केसांना तेल लावायची. इतक्या वर्षांचं तेल भिंतीत मुरलं होतं.

रंगारी डागासमोर उभा राहिला. हातात घासायचा कागद होता, पण त्यानं तो भिंतीला लावला नाही.

"हा... घालवू?"

"घालवायलाच पाहिजे ना. घेणाऱ्याला कसा चालेल?"

"घेणाऱ्याचं नाही विचारलं मी."

ती जाऊन गॅलरीत कपडे वाळत घालायला लागली. कपडे वाळलेलेच होते.

त्या दिवशी त्यानं त्या खोलीला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी तिनंच सांगितलं, करून टाका. त्यानं डाग घासला, त्यावर अस्तराचा हात दिला, मग भिंत गुळगुळीत करणारी पुट्टी पसरली. संध्याकाळी तो गेला तेव्हा भिंत पांढरीशुभ्र होती.

सकाळी धाकटी त्या खोलीत गेली, तर भिंतीवर तिथंच काळपट सावली. डाग वर आला, असं तिला वाटलं. तिनं ओलं फडकं आणलं आणि पुसायला लागली. आजाऱ्याच्या घरात हाताला ती सवयच लागते. काही दिसलं की पुसायचं. पुसता पुसता पुट्टी लगदा होऊन खाली यायला लागली. ती पुसतच राहिली. रंगारी आला तेव्हा अर्धी भिंत जमिनीवर होती आणि ती कोपरापर्यंत पांढरी झाली होती.

"डाग वर आला होता," ती म्हणाली. "मी म्हटलं, तुम्ही यायच्या आत..."

त्यानं भिंतीवर तळवा ठेवला. "डाग नव्हता. ओल होती. उन्हं आली की गेली असती." मग तो खाली बसला, तिच्या शेजारी, लगद्यातच. "एक विचारू? डाग पुसत होतात, की शोधत होतात?"

धाकटीच्या डोळ्यांतून पाणी आलं. आई गेली त्या दिवशी माणसं होती, चुलीपासून दारापर्यंत कामं होती. रडायला सवड मिळाली नव्हती. ती आता रडली. त्यानं पाठीवरून हात फिरवला नाही, पाणी आणलं नाही. शेजारी बसून राहिला. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "तुमचा अख्खा दिवस वाया घालवला मी."

"घालवा की," तो म्हणाला. "माझ्याकडे आणखी आहेत."

नाक पुसता पुसता तिनं त्याच्याकडे पाहिलं. हे तो भिंतीबद्दल बोलत नव्हता. दोघांनाही ते कळलं, आणि दोघेही उठून कामाला लागले.

मग दादा आला. दलालाबरोबर घर बघायला. खोल्याखोल्यांतून फिरला, भिंतीवर बोट फिरवलं, खुश झाला.

"आतल्या खोलीला वेळ लागला वाटतं?" त्यानं रंगाऱ्याला विचारलं.

रंगारी शिडीवरून उतरला. हात मागे बांधले. "हो साहेब. ताईंनी सांगितलं तसं केलंय."

ताई.

शब्द साधा होता. इतके दिवस जो तो म्हणत होता. पण धाकटीला वाटलं, कुणीतरी तिच्या हातातला कप काढून घेतला. दादा पुढे बोलत होता, "परवा घेणारे येतायत. ठरलं की तू माझ्याबरोबरच चल. सामान मागून आणू." ती नुसती मान हलवत राहिली.

दादा आणि दलाल खाली गेले. रंगारी ब्रश धुवायला लागला. धुतलेलाच ब्रश पुन्हा धुवायला लागला.

"ताई का म्हणालात?" ती दारात उभी होती.

"तुमचे दादा समोर होते. दुसरं काय म्हणणार?"

"काहीच म्हणायचं नव्हतं. इतके दिवस काहीच म्हणत नव्हतात. तेवढ्यावर माझं चाललं होतं."

त्यानं नळ बंद केला. "त्यांनी विचारलं असतं, तू कोण? तर सांगायला काय आहे माझ्याकडे? रंगारी आहे, एवढंच. दुसऱ्यांच्या रिकाम्या घरांत दिवस काढतो. घर भरलं की मी बाहेर."

"मग रंगारी म्हणून सांगायचं. भाऊ कशाला झालात? भाऊ एक आहे मला, तो पुरेसा आहे."

त्याला हसू आलं, पण ते ओठांवर आलं नाही. "भ्यालो," तो म्हणाला. "उंचावर भीती वाटत नाही मला. जमिनीवर वाटली."

ती आत निघून गेली. त्या दिवशी कुणीच चहा प्यायलं नाही.

दुसऱ्या दिवशी आईची उरलेली, न फोडलेली औषधं परत करायला ती जुन्या दुकानात गेली. मालकीणबाईंनी गोळ्यांची पाकिटं बाजूला ठेवली आणि तिला नीट न्याहाळलं.

"धाकटे, किती वाळलीस गं. पुढे काय करणार?"

"दादाकडे जाणार."

"जाणार, की नेणार?" बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या. "इथली खुर्ची अजून रिकामी आहे. दोन मुली आल्या नि गेल्या. एकीला वाचता यायचं नाही, दुसरीला उठता यायचं नाही. मागची खोलीही पडून आहे. लहान आहे, पण तिला दार आहे. आतून कडी लागते."

आतून कडी लागते, हे धाकटी घरी येईपर्यंत मनात म्हणत राहिली. काचा लावलेल्या गॅलरीला दार नव्हतं.

घेणारे आले. नवरा-बायको, दोघंही साधी. बाई खिडक्या उघडून बघत होती, नवरा नळ सोडून बघत होता. रंगारी बाहेरच्या दाराच्या चौकटीला शेवटचा हात देत होता. धाकटीकडे त्यानं पाहिलं नाही. तिनंही पाहिलं नाही.

"तुम्हीच राहत होतात का इथं?" त्या बाईनं विचारलं.

"हो, ही आणि आई," दादाच म्हणाला. "आता ती माझ्याकडे येतेय."

"नाही येत, दादा."

दादाला ऐकू आलं नसावं, म्हणून ती पुन्हा म्हणाली. "मी नाही येत. दुकानात परत जातेय. तिथली मागची खोली घेतेय."

दादा गोंधळला. तिला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, "अगं, आमचं काही चुकलं का? वहिनी काही बोलली का?"

"कुणी काही बोललं नाही. वहिनीनं पडदेसुद्धा शिवलेत, मला माहितीये." तिचा आवाज कापला, पण थांबला नाही. "दादा, आईचं मी आनंदानं केलं. पुन्हा करायला लागलं तरी करीन. पण आता कुणाच्या तरी घरात उपयोगाची म्हणून मला राहायचं नाही."

दादानं चष्मा काढला. पुसायला रुमाल सापडेना. "आणि एकटी राहणार? आजारी पडलीस, काही झालं... एकटी?"

चौकटीशी ब्रश थांबला.

"एकट्या नाहीत त्या," रंगारी म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. दलालसुद्धा. रंगाऱ्यानं ब्रश डब्यावर आडवा ठेवला. हात मागे बांधले नाहीत.

"तुम्ही रंगारी ना?" दादा म्हणाला.

"हो. रंगारीच. परवा त्यांना ताई म्हणालो मी तुमच्यासमोर. ते खोटं होतं. म्हणून... तुम्हाला विचारायचं होतं, तुमची हरकत नसेल तर..."

"दादाला नंतर," धाकटी म्हणाली. "आधी मला विचारा."

"इथं? एवढ्या माणसांत?"

"इथंच. घर अजून विकलं गेलेलं नाही. अजून ते माझंही आहे."

ती वळली आणि आईच्या खोलीत गेली. रंगारी तिच्यामागून गेला. भिंत कोरडी झाली होती, खिडकीतून उन्हं आली होती. खोलीत काहीही नव्हतं. रिकाम्या खोलीत हळू बोललेलंही मोठं होतं. त्यानं अगदी हळू विचारलं, तरी ते बाहेर सगळ्यांना ऐकू आलं.

धाकटी लगेच बोलली नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणी काही विचारलं होतं आणि उत्तरासाठी थांबलं होतं. तिला ते थांबणं थोडा वेळ हवं होतं.

बाहेर घेणारी बाई त्या खोलीकडे निघाली. दादानं पुढे होऊन हात आडवा धरला.

"जरा थांबता का?" तो म्हणाला. "आतल्या खोलीतलं थोडं काम राहिलंय."