पाव्हण्यांसाठी भजी

एवढी भजी एकटा माणूस खात नाही, हे मयुरीच्या लगेच लक्षात आलं.

संध्याकाळची सफारी आटोपून ती जंगलाच्या मोहर्ली गेटसमोर लटारूभाऊच्या टपरीवर चहाला थांबली होती. दिवसभर गवतात न दिसणारं शोधायचं, हे तिचं गाईडचं काम. नवा माणूस तिच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. उंच, सावळा, पाठीवर पिशवी. बुटांना धानाचं तूस चिकटलेलं. पर्यटकाच्या बुटांना तूस नसतं.

"शिळी असली तरी चालतात, भाऊ," तो लटारूभाऊला म्हणाला.

"शिळी काऊन?" मयुरीने विचारलं.

तो वळला. "पाव्हण्यांसाठी हायेत."

"पाव्हण्यांले शिळी भजी?"

"माझे पाव्हणे तक्रार करत नाईत."

"कुठचे म्हणायचे हे पाव्हणे?"

"इथलेच. रात्री गुपचूप येतात... सकाळी मी त्याईले मोजतो."

तो हसला. डाव्या गालावर खळी पडली. मयुरी हसली नाही. खळी मात्र तिने पाहिली, आणि पाहिल्याबद्दल स्वतःवरच चिडली.

दुसऱ्या दिवशी तो तिच्याच गावात, भामडोहला उभा होता. समाजमंदिराच्या ओट्यावर पत्र्याच्या लांबट पेट्यांची रास, आणि तो एकेका पेटीवर लाल रंगाने आकडा टाकत होता. तोच आकडा मग घराच्या चौकटीवर.

मयुरीची आई रुखमाबाई दारात थिजली. जंगलाच्या आतल्या गावात तिचं माहेर होतं. तिथेही आधी चौकटींवर आकडे आले होते. मग मोजणी झाली, मग सामान उचलायला ट्रक आले. आता त्या जागी गवत आहे आणि पर्यटक तिथे हरणांचे फोटो काढतात.

"हे काय लिहून राह्यले तुमी?" मयुरीने विचारलं.

"अरे, गाईड मॅडम. तुमचं गाव हे?" त्याने ब्रश खाली ठेवला. "मी कुलदीप. आलापल्लीचा. उंदीर पकडतो."

"उंदीर पकडाले घरावर आकडा कायले?"

"कोणत्या घरचा उंदीर ते समजाले पायजे ना." तो ओट्यावर टेकला आणि नीट सांगू लागला. धान कापून घरात आलं की उंदीरही मागोमाग येतात. काही उंदरांच्या अंगात विषाणू असतो. उंदीर आजारी दिसत नाही, पण त्याचं मूत वाळून धुळीत मिसळतं आणि झाडता झाडता ती धूळ माणसाच्या छातीत जाते. आधी ताप, मग दम. "म्हणून पेटीत भजं ठेवतो. सकाळी तुमी पेटी ओट्यावर आणून द्यायची. उंदराचं थेंबभर रक्त नागपूरले तपासाले जाते."

"म्हणजे ते पाव्हणे..."

"तेच."

"आन् रक्ताचं उत्तर?"

"मी घेऊन येईन."

"सारेच असं म्हणतात," मयुरी म्हणाली. "न्यायले सारे येतात. सांगायले कोणी येत नाई."

ती निघून गेली. पण मनात एक विचार ठाण मांडून बसला. उंदरासाठी कोणी एवढी यातायात करतं? गाव मोजायचंच असेल तर मोजू दे. पण चुकीचं मोजू दे.

दुपारी घरोघरी पेट्या लावून झाल्या होत्या आणि सगळे खळ्यावर होते. मयुरीने घराघरांत जाऊन पेट्यांची अदलाबदल केली. शेजारच्या गुणवंतरावांच्या घरची आपल्या घरात, आपली त्यांच्याकडे, समोरच्या बिरजूची पलीकडे. सकाळी लोकांनी पेट्या ओट्यावर आणून ठेवल्या. कुलदीपने फक्त पेटीवरचा आकडा वाचला. मयुरी लांबून बघत राहिली. तिला जिंकल्यासारखं वाटलं... फार नाही, थोडं.

पुढे तो येतच राहिला. कधी शेताच्या बांधावर पेट्या लावायला, कधी उगीच. टपरीवर दोघांची गाठ पडायची.

"आज वाघ दिसला का, मॅडम?"

"दिसला. त्याच्या अंगावर आकडा नव्हता."

"मंग घरी कसा जाईल तो?"

"तुमच्यासारख्याले विचारत विचारत."

एकदा अवकाळी सर आली. टपरीचा पत्रा तडतडत होता, आणि दोघं त्या हातभर आडोशाला उभे होते. त्याच्या शर्टाला फिनेलचा वास होता. मयुरीने मान वळवली नाही. तो काहीतरी बोलायला गेला... मग म्हणाला, "चहा थंड होऊन राह्यला."

"होऊ द्या," ती म्हणाली.

तरी शंका गेली नव्हती. तो समोर असला की विश्वास बसायचा, पाठमोरा झाला की उडायचा. अशा माणसाचं करायचं काय?

धाकटी बहीण चंदा बाळंतपणाला माहेरी आली होती. धानाच्या ढोलीला, म्हणजे कणगीला, लागूनच तिची खोली, पाळणाही तिथेच. दोन दिवसांपासून तिच्या अंगात ताप होता, खोकलाही. बाळंतिणीला गारठा लागला असेल, म्हणून रुखमाबाई शेक देत होती.

त्याच सकाळी कुलदीप तोंडाला मास्क लावून गुणवंतरावांच्या घरात शिरताना दिसला. हातात फवाऱ्याचा पंप होता.

"काय झालं?" मयुरीने विचारलं.

"नागपूरचं उत्तर आलं. इथच्या पेटीतला एक उंदीर तसा निघाला. त्याच्या रक्तात त्या विषाणूची खूण हाये. घाबराचं काम नाई, घर धुऊन काढतो. कोणाले ताप असन तर मात्र लगेच पाहा लागते. इथी कोणालेच नाई, बरं झालं."

मयुरीने चौकटीवरचा लाल आकडा पाहिला. गुणवंतरावांची पेटी. ती तिने स्वतःच्या हाताने चंदाच्या खोलीत, ढोलीखाली ठेवली होती.

सांगितलं, तर त्याचं सगळं काम मातीमोल होणार. या गावातला एकही आकडा खरा उरणार नाही. पुन्हा तो तिच्याकडे त्या नजरेने पाहणार नाही. आणि नाही सांगितलं, तर... पाळण्याची करकर तिला इथपर्यंत ऐकू येत होती, किंवा तसा भास होत होता.

"मले तुमाले काही सांगाचं हाये," ती म्हणाली.

त्याने मास्क काढला. डोळ्यांत एकदम काहीतरी उजळलं. "मलेही."

"तुमी नका सांगू. पहिले माझं आयका. मंग तुमाले सांगावंसं वाटणार नाई."

तिने सगळं सांगितलं. आकड्यांची भीती, दुपारच्या अदलाबदली, चंदाचा ताप. कुलदीपचा चेहरा हळूहळू विझत गेला.

"मले वाटलं..." तो म्हणाला, आणि काय वाटलं ते गिळून टाकलं. "ती खोली आज झाडली का?"

"नाई."

"झाडू नको. झाडूले हात लावू नको. तिले आन् बाळाले बाहेर आण, मी गाडी काढतो."

तो पहिल्यांदाच तिला 'तू' म्हणाला होता. दोघांनाही ते त्या वेळी कळलं नाही.

चंद्रपूरच्या दवाखान्यात त्याने डॉक्टरांना उंदराचं सांगितलं, काय तपासायचं तेही सांगितलं. चंदाचं रक्त नागपूरला गेलं. परत येऊन दोघांनी मिळून खोली धुतली. खिडक्या सताड उघड्या, जमिनीवर ब्लीचिंगचं पाणी, मग ओल्या फडक्याने पुसणं. तो कामापुरतंच बोलला. जाताना म्हणाला, "साऱ्या गावात पेट्या परत लावा लागतीन."

"तुमचे साहेब रागावले?"

"रागावले."

"आन् तुमी?"

त्याने पंप गाडीत टाकला. गाडी धूळ उडवत गेली.

चंदाचा ताप उतरला, ती घरी आली. रक्ताच्या तपासणीचा मात्र पत्ता नव्हता. मयुरीने मनाशी ठरवून टाकलं, येणार नाही हा माणूस. न्यायले सारे येतात.

आणि एका संध्याकाळी सफारीहून ती उतरली, तर टपरीवर तोच. हातात पुडा.

"चंदाचं साफ हाये," तो म्हणाला. "साधा ताप होता. फोनवर सांगता आलं असतं... पण मी म्हटलं होतं, मी घेऊन येईन."

मयुरीने ओले डोळे पुसले नाहीत; ते पाहून लटारूभाऊने चहा मोठ्या पेल्यात ओतला. मग तिची नजर पुड्यावर गेली, आणि जुनी सवय जागी झाली.

"एवढी भजी कोणासाठी?"

"पाव्हण्यांसाठी."

"कुठचे?"

"आलापल्लीचे. माझी आई येऊन राह्यली, उद्या."

"कोणाच्या घरी?"

"ज्या घरची पेटी चुकली होती," तो म्हणाला, आणि खळी पडली. "तुझी ना नसन तर."

मयुरीने त्याच्याकडे निरखून पाहिलं. बुटांना आज तूस नव्हतं. शर्टाला इस्त्री होती. तिने पुड्यातलं एक भजं उचललं, वास घेतला. गरम होतं.

"हे आमिष हाये," ती म्हणाली.

"हो."

"मले कळते, बरं का."

"म्हणून तर विचारून राह्यलो."

मयुरीने भजं तोंडात टाकलं.