तिच्या बाजूची ऊब

गावाचा कचरा जाळून गावालाच ऊब देणारा कारखाना पुलापलीकडे होता, आणि त्याच्या कंट्रोल रूममध्ये बसणाऱ्या माणसाला सगळे भट्टीवाले म्हणत. घराघरांतल्या पिशव्या ट्रकमधून येत, एका प्रचंड खड्ड्यात पडत, आणि क्रेनचा लोखंडी पंजा त्या उचलून भट्टीच्या तोंडात सोडी. आगीवर वाफ, वाफेवर वीज, आणि शेवटी तापलेलं पाणी जमिनीखालच्या पाइपांतून परत त्याच घरांच्या भिंतींत. यात भट्टीवाल्यांना काडीचंही नवल वाटत नसे. बायको मात्र चिडवायची, "गावभराचा कचरा जाळता, पण घरचा डबा खाली न्यायला मीच."

ती गेली तेव्हा थंडी नुकती सुरू होत होती. आजार फार लांबला नाही, म्हणून लोकांनी सुटली म्हटलं. भट्टीवाल्यांना ते पटलं नाही, पण लोकांशी काय भांडणार? मुलगी दूरच्या शहरातून आली, राहिली आणि जाताना सांगून गेली, की बाबा, आईच्या वस्तू हळूहळू आवरा, नाहीतर घर खायला उठेल.

घर आधीच खायला उठलं होतं. त्यांनी सोप्या वस्तूंपासून सुरुवात केली. बायकोच्या घरात घालायच्या चपला पिशवीत घातल्या. ती एका पायाने किंचित लंगडायची, त्यामुळे एक टाच झिजून कागदासारखी झाली होती. सकाळच्या ट्रकने पिशवी नेली. त्या दिवशी पाळीत ते भट्टीच्या काचेतून गरजेपेक्षा जास्त वेळ आत बघत राहिले. आत आग होती. दुसरं काय असणार?

दुपारी घरी येऊन आडवे झाले, तर हात तिच्या बाजूला पडला. चादर गरम होती.

त्यांनी आधी खिडकी पाहिली. ऊन तिथवर येत नव्हतं. पाइप खोलीच्या दुसऱ्या टोकाला. गादी उचलून पाहिली, खालची फळी गार. ऊब फक्त वर होती, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत, आणि गुडघ्यापाशी ती वळत होती. ती कुशीवर, पाय पोटाशी घेऊन झोपायची.

दोनेक दिवसांत ऊब विरत गेली आणि पलंग पुन्हा थंड पडला. मग त्यांनी तिचा राखाडी स्वेटर काढला. तोही ट्रकने गेला, आणि या वेळी स्वयंपाकघरातली तिची खुर्ची गरम झाली.

कारखान्यातला पाइपांचा मिस्त्री त्यांचा जुना दोस्त. एरवी तोंडाचा पट्टा थांबत नसे. त्याने खुर्चीला यंत्र लावलं, जमिनीला लावलं, भिंतीला लावलं. इथे पाइप नाही, वायर नाही, असं म्हणत त्याने खुर्चीवर तळहात टेकला आणि तसाच चटकन उचलून पॅन्टला पुसला.

"वहिनी इथे बसायच्या ना?" त्याने हळूच विचारलं.

भट्टीवाल्यांनी मान हलवली. मिस्त्री चहाला थांबला नाही.

त्याच आठवड्यात जिन्यात खालच्या मजल्यावरच्या आजी भेटल्या. म्हणाल्या, तुमच्या घरातलं ते चालणं डोक्यावर ऐकू यायचं, आता चुकल्यासारखं होतं. भट्टीवाले हो म्हणाले. वर येताना त्यांनी तो आवाज आठवून पाहिला. आला नाही. ती लंगडायची हे ठाऊक होतं, पण शेजारपाजारच्या कुणाबद्दल ठाऊक असावं तेवढंच. कोणत्या पायाने? ते दारात किल्ली धरून उभे राहिले.

दुःखाने डोकं चालत नाही, असं त्यांनी स्वतःला समजावलं. पण मग तिचा चष्मा गेला, आणि ती वाचताना कशी दिसायची ते गेलं. कंगवा गेला, आणि केसांचा वास गेला. भट्टीवर आयुष्य काढलेल्या माणसाला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. जळतं ते ऊब देतं, आणि जळलेलं परत येत नाही. त्यांना थांबता आलं असतं. पण गार पलंगावर पाठ टेकली, की सगळा शहाणपणा गळून पडे, आणि ते उठून कपाट उघडत.

तिचा मोबाइल शेवटपर्यंत ठेवला होता. त्यात तिचा आवाज होता. बॅटरी कचऱ्यात टाकणाऱ्यांवर ते आयुष्यभर ओरडले होते, म्हणून त्यांनी ती आधी नीट काढून वेगळी ठेवली. मग फोन पिशवीत घातला. दुसऱ्या दिवशी कामावर निघताना दारापाशी त्यांच्या गालाला ऊब लागली. ते तिथेच उभे राहिले आणि पहिल्यांदाच कामावर उशिरा पोहोचले.

फोटो राहिले होते. तेही गेले, आणि पलंग नि खुर्ची दोन्ही एकदम गरम झाली; ती ऊब मात्र विरेना.

थंडी संपता संपता मुलगी आली. भिंतीवर नुसता खिळा पाहून तिने कपाट उघडलं, माळ्यावर पाहिलं, पलंगाखालची पेटी ओढली.

"बाबा, आईचं काहीच ठेवलं नाहीत?"

त्यांनी तिचा हात धरून तिला खुर्चीपाशी नेलं आणि बसवलं. ती बसली. क्षणभराने तिचा चेहरा बदलला. दोन्ही हात तिने बुडाखाली घेतले, लहानपणी थंडीत घ्यायची तसे, आणि टेबलावर डोकं टेकून अशी रडली, जशी आई गेली तेव्हाही रडली नव्हती.

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, कसं केलंत. त्यांनी सगळं सांगितलं.

"माझ्याकडे तिने शिवलेली दुलई आहे," ती म्हणाली. "ती मी देणार नाही."

"देऊ नकोस," ते म्हणाले. "मी मागितली तरी देऊ नकोस."

मग तिला काहीतरी सुचलं असावं. तिने त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, की आई हसली की काय करायची, सांगा बरं. भट्टीवाले खुर्चीकडे बघत राहिले. खुर्चीने काही सुचवलं नाही.

तेव्हा मुलगी सांगू लागली. हसू आलं की आई तोंडावर पदर नाही, हातात असेल ते धरायची, भाजी तर भाजी, झारा तर झारा. लग्नात तुम्ही तिच्या पायावर पाय दिला होता म्हणून जन्मभर टोमणे मारायची. मला ताप आला की तुमच्याशीच भांडायची. सांगताना मुलीला मध्येच हसू येत होतं. भट्टीवाले मन लावून ऐकत होते. मधूनमधून मान डोलवत होते. सगळं ऐकून झाल्यावर ते म्हणाले,

"चांगली बाई असावी."

मुलीने त्यांच्या हातावरचा हात काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते तिला स्टेशनवर सोडून आले. गाडी सुटेपर्यंत ती खिडकीतून बघत होती. घर शांत होतं. ते बूट काढून पलंगावर आडवे झाले.

फोटो गेल्यापासूनची ऊब सगळ्यात दाट होती. आज तिला वजनही होतं. गादी त्या बाजूने हळूच खचली आणि कुणीतरी पाय पोटाशी घेतल्यासारखी चादर ओढली गेली. भट्टीवाल्यांना भीती वाटली नाही. संकोच वाटला. हाक मारावी म्हटलं तर नाव आठवेना, आणि नाव ठाऊक नसलेल्या बाईशी बोलायचं तरी काय?

"माफ करा," ते पुटपुटले, आणि तिला पुरेशी जागा मिळावी म्हणून अंग चोरून पलंगाच्या अगदी कडेला सरकले.

थोडा वेळ काहीच झालं नाही.

मग पलीकडून ती ऊबही हळूच मागे सरकली.