वरच्या फळीवरचे डास

डास मेले म्हणून रडणारी बाई नुकूस शहरात एकच होती, आणि शनिवारी सकाळी ती जुमागुल आपाच्या दारात उभी होती.

पोलिसांतून निवृत्त झाल्यापासून आपा खासगी तपास करायची. धाकटा भाऊ अल्लामबेर्गेन तिची गाडी चालवायचा आणि जमेल तिथे चुकीच्या माणसावर संशय घ्यायचा. डासांचा खून म्हटल्यावर त्याने आधी हसून घेतलं.

दारातली सर्बिनाझ हसली नाही. आटलेल्या समुद्राच्या मातीतली कीटकनाशकं पाण्यात उतरली की डासांच्या अंगात विषाणू जास्त टिकतो का, हे ती शोधत होती. विषाणू वेगळ्या खोलीत, कडेकोट बंदोबस्तात. मेले ते पैदाशीचे निरोगी डास. कशाने, ते कळलं नाही तर प्रयोगशाळेतलंच विष गळलं असं सगळे म्हणणार आणि तिचं सगळं काम कचऱ्यात जाणार. सोमवारी ताश्कंदहून समिती यायची होती.

"माझ्या रक्तावर वाढवलेत, आपा," ती म्हणाली. तिचा डावा हात कोपरापर्यंत गांध्यांनी भरला होता.

प्रयोगशाळेचं कुलूप शाबूत होतं. वरच्या फळीवरच्या पिंजऱ्यांत सगळे डास उताणे. खालच्या फळीवरचे मलूल, पण उडत होते. तसराळ्यांत अळ्या मजेत वळवळत होत्या. विषाच्या चाचणीसाठी पाळलेले मासे अल्लामबेर्गेनकडे तोंड उघडून बघत होते. सर्बिनाझ कधीच उघडत नसे ती खिडकी मात्र सताड उघडी होती.

किल्ली तिच्याकडे, सहकारी पोलाटकडे आणि एक घरच्या खुंटीला.

पोलाटने लपवलं काहीच नाही. ही खोली त्याला हवी होती. पण फवारणी केली असती तर त्याचेच मासे आधी मेले असते, असं तो म्हणाला. शुक्रवारी टीव्हीवाले आले, तेव्हा त्याने कॅमेऱ्यासमोर सांगितलं होतं की इतके गुबगुबीत डास अख्ख्या आशियात नाहीत. अल्लामबेर्गेनने त्याला मनातल्या मनात अटक केली.

घरी सर्बिनाझचा नवरा ओरिनबाय याने चहा दिला. तो शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचा. कढई सापडत नाही म्हणून मासे भट्टीत भाजावे लागले, याबद्दल त्याने माफी मागितली. दारावर आद्रास्पान या रानझुडपाची वाळलेली जुडी लटकत होती. भिंतीवरचा तिचा फिकट ठसा जुडीपेक्षा बराच रुंद होता.

"आईची आठवण," तो म्हणाला. "धुराने दृष्ट जाते म्हणे. मी विज्ञान शिकवतो हो."

"वहिनींसारखी हुशार बाई नुकूसात दुसरी नाही," अल्लामबेर्गेन भरल्या तोंडाने म्हणाला.

ओरिनबायने टेबलाखालून लाकडावर हळूच टकटक केलं. आपाने पेला खाली ठेवला.

रविवारी तिने सगळ्यांना प्रयोगशाळेत बोलावलं.

"विष पाण्यात असतं तर अळ्या आणि मासे आधी गेले असते," ती म्हणाली. "फवारलं असतं तर तेही वाचले नसते, खालची फळीही नाही. ओरिनबाय, वर काय जातं?"

"गरम हवा," तो सवयीने म्हणाला. मग खाली बघून म्हणाला, "धूर."

"टीव्हीवर कौतुक झालं आणि तुम्ही धास्तावलात. खुंटीवरची किल्ली, घरची कढई आणि अर्धी जुडी घेऊन इथे आलात. धूर कोंडला म्हणून खिडकी उघडलीत. कढईचा वास जाईना, म्हणून ती हरवली."

सर्बिनाझ नवऱ्याकडे बघत होती.

"धुराने डास मरतात, हे भौतिकशास्त्रात येत नाही का?" पोलाटने विचारलं.

"दृष्ट काढताना ते डास आहेत हे लक्षातच राहिलं नाही," ओरिनबाय म्हणाला. "मला ती हिची पोरं वाटली. सकाळी ही रडायला लागली, मग सांगायला तोंडच उरलं नाही."

विष गळलं नव्हतं. काम शाबूत होतं. अळ्यांतून नवे डास निघणार होते. तोवर खालच्या फळीवरच्यांना भूक लागली होती. सर्बिनाझने नवऱ्याची बाही कोपरावर दुमडली.

सोमवारी समिती आली, तेव्हा पिंजऱ्यात भौतिकशास्त्राचा हात होता. डास छान पोसलेत, असं एक पाहुणा म्हणाला. ओरिनबायचा मोकळा हात लाकूड शोधू लागला. सर्बिनाझने लाकडी स्टूल आधीच त्याच्याजवळ सरकवून ठेवलं होतं.