खाऱ्या आभाळाची पाच पानं

यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही. बसलाच, तर त्याने आपली अक्कल एकदा तपासून घ्यावी. पण सांगतो, ऐका.

एकाहत्तर साल. राहात्याच्या पोलीस चौकीचं दार असं आपटलं, की भिंतीवरचं घड्याळ जे बंद पडलं ते आजवर सुरू झालेलं नाही. दारात पाथर्डीची चांगुणा उभी. तरणी बाई, खांद्याला पिशवी, आणि डोळ्यांत असा जाळ, की हवालदार रंभाजीने तोंडातली बिडी नुसती पुढे केली असती तरी पेटली असती.

"हवालदार, उठा! माझी पानं चोरली त्यानं!"

"कसली? खायची?"

"चित्रकथेची! थट्टा करू नका, मी लई तापलीय!"

ते दिसतच होतं. चांगुणा एका दिवाळी अंकासाठी लांडग्याची चित्रकथा काढत होती. आधी पेन्सिलीने चौकटी आखायच्या, मग टाकाने काळी रेघ ओढायची, शेवटी शाईत पाणी घालून ब्रशने करडं आभाळ भरायचं. पाच पानं तिने मागच्या आठवड्यात छापखान्यात दिली होती. संपादक आबासाहेब बाहेरगावी, म्हणून तिथला चित्रकार छगन याच्या हातात दिली. आज सहावं, शेवटचं पान घेऊन आली, तर पाचही पानांवर छगनची सही! दुपारच्या एस्टीने ती छपाईचे ब्लॉक करायला नगरला जाणार. एकदा गेली, की कथा छगनची.

"तू सही केली नव्हतीस?"

"सगळी पानं झाल्याबिगर मी सही करत न्हाई. अर्ध्या घराला कुनी तोरण बांधतं का?"

रंभाजीच्या घशाला कोरड पडली. चांगुणाच्या पिशवीतून बाटलीचं तोंड डोकावत होतं. त्याने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"पाथर्डीचं पाणी अजून तसंच खारं हाय की!"

"आमच्या विहिरीचं हाय. तुमच्या जिभा कालव्याच्या पाण्यानं लाडावल्यात. चला आता!"

छापखान्यात छगन टेबलापाशी बसला होता. भांग चापूनचोपून, शर्टाला शाईचा ठिपका नाही.

"ही पानं कुणाची?" रंभाजीने विचारलं.

"माझी."

"कुठं काढलीस?"

"याच टेबलावर. शाई इथली, ब्रश इथले, पाणी त्या कोपऱ्यातल्या माठातलं. सगळं या खोलीतलं."

"आन् ही बाई?"

"हिने खिडकीतून पाहिली असतील. आता नक्कल करून सहावं पान आणलंय."

"मुडद्या!" चांगुणा टेबलावर झेपावली. रंभाजी मधे पडला नसता तर छगनचा भांग कायमचा बदलला असता.

बाहेरगावाहून सकाळीच परतलेल्या आबासाहेबांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. "हवालदार, आटपा. गाडी चुकेल."

रंभाजीने पान डोळ्यांजवळ नेलं. करड्या आभाळात रवा सांडावा तसे बारीक दाणे होते. जणू धुळीचं वादळ उठलंय आणि त्यातून लांडगा येतोय.

"हे दाणे कसे काढलेस?"

"हाताची करामत," छगन हसला.

"कसली करामत?" चांगुणा ओरडली. "आभाळ असंच येतं!"

रंभाजीने कोरा कागद सरकवला. "काढ छगन. असंच आभाळ."

छगनने माठातलं पाणी घेतलं, शाई पातळ केली, ब्रश फिरवला. आभाळ उतरलं रेशमासारखं मऊ. एकही दाणा नाही.

"घाईत नाही जमत," तो पुटपुटला.

"आता तू, चांगुणा."

तिने तोच ब्रश, तेच पाणी घेतलं. आणि तिचंही आभाळ मऊ! ती पांढरीफटक पडली. छगन टाळी वाजवत म्हणाला, "बघा! हिलाही येत नाही!"

चांगुणाने ब्रश भिंतीवर भिरकावला.

रंभाजीने तो उचलून आणला, तिच्या पिशवीतली बाटली काढली आणि समोर आदळली.

"ह्या पाण्यात कर."

शाई पाण्यात पडली आणि फाटली. ब्रश कागदावरून गेला, तसा मागे रवाच रवा सांडत गेला.

"पाथर्डीला मी नोकरी केलीय," रंभाजी म्हणाला. त्याचा आवाज आता चढला. "त्या पाण्यात डाळ शिजत न्हाई, साबणाला फेस येत न्हाई. शाई तरी कशी धड राहील? ती दाणे धरते. बाईनं दुसऱ्या पाण्यात कधी शाई कालवलीच न्हाई, म्हणून तिला वाटलं, आभाळ असंच असतं. तुला वाटलं, तिच्या हाताची करामत. पण तूच म्हणालास, पाणी ह्या माठातलं. ह्या माठातनं हे आभाळ निघत न्हाई, चोरा!"

छगनने मान खाली घातली. "लोकांच्या जाहिराती रंगवण्यात जन्म गेला, साहेब. एकदा तरी माझ्या नावाची कथा..."

आबासाहेबांनी ब्लेड घेतलं आणि पाचही सह्या खरवडून काढल्या. चांगुणाने सहाव्या पानापासून उलटं येत सगळीकडे आपलं नाव घातलं. पुढं काय सांगावं! छगन असा रडला, की कोपऱ्यातला अर्धा माठ काठोकाठ भरला. चांगुणाचं काळीज विरघळलं. तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "जाऊ दे भाऊ, तुला माफ..."

"खोटं!"

ऐकणाऱ्यांच्या मागे बसलेली पांढऱ्या केसांची बाई ताडकन उठली. बोटांना काळी शाई, आणि डोळ्यांत तोच जाळ.

"घड्याळ बंद पडलं म्हणालात, गप बसले. माठ भरला म्हणालात, तेबी सोसलं. पर मी त्याला माफ कधी केलं, हवालदार?"